न मारलेली एकशे बारा जनावरं

सलूनवाल्याने आयुष्यात जीव घेतले असतील तर ते आरशावर बसणाऱ्या माश्यांचे, आणि तेही बायकोने चारदा टोकल्यावर. घरात कोंबडी कापायची वेळ आली की तो शेजाऱ्याला हाक मारी आणि स्वतः आत जाऊन रेडिओ मोठा करी. गिऱ्हाइकाच्या हनुवटीवर रक्ताचा ठिपका उठला, तर तुरटीचा खडा फिरवताना गिऱ्हाइकापेक्षा त्याचाच चेहरा पांढराफटक पडे. अशा या माणसाचा सहा फुटी फोटो जंगलाच्या फाटकाशी लावलेला होता. फोटोखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘मी एकशे बारा वन्य प्राणी मारले. आज माझ्या हातात कात्री आहे.’

कात्री त्याच्या हातात त्याआधीही सोळा वर्षं होतीच. पण ते बोर्डावर मावलं नसावं.

झालं होतं असं, की जंगल वाचवायचं आणि त्याच खर्चात जंगलाकाठची गरिबी हटवायची, असा एक प्रकल्प गावात आला. कल्पना वाईट नव्हती. माणूस पोटासाठी शिकार करतो, तेव्हा त्याच्या पोटाची दुसरी सोय लावली की तो शिकार सोडेल, इतकी सरळ गोष्ट. प्रकल्पाच्या मॅडमही मनाने चांगल्या होत्या, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला. त्यांनी शाळेच्या हॉलमध्ये सभा घेतली, मागच्या रांगेत वनखात्याचे सहा शिपाई बंदुका घेऊन बसवले, आणि गोड आवाजात विचारलं, “तुमच्यापैकी शिकार कोण कोण करतं? घाबरू नका, हात वर करा.”

कुणी डोकं खाजवायलासुद्धा हात वर केला नाही.

मग मॅडमनी दुसरा प्रश्न विचारला. वन्यजीव रक्षण समितीला अध्यक्ष हवा होता, तर या जंगलाची खडान्‌खडा माहिती कुणाला आहे? यावर सगळ्या हॉलने एकाच माणसाकडे बोट दाखवलं. कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला तो उंच, हडकुळा, कमी बोलणारा गृहस्थ. त्याला जंगलाची माहिती का आहे, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. टाळ्या वाजल्या आणि जंगलातला सगळ्यात पट्टीचा फासे लावणारा माणूस जनावरांचा अध्यक्ष झाला. पदाला पगार नव्हता. एक टोपी मिळाली.

अध्यक्ष मिळाला, तरी शिकारी मिळेनात. मॅडमच्या फॉर्मवर ‘माजी शिकारी’ अशा दहा रिकाम्या ओळी होत्या आणि वरून दर आठवड्याला फोन येत होता. अशा हैराण अवस्थेत एक दिवस त्या आपल्या ड्रायव्हरची दाढी होईपर्यंत सलूनच्या बाकावर बसल्या.

सलून म्हणजे पत्र्याची एक खोली. आरशाला कोपऱ्यातून तडा गेलेला, त्यामुळे उंच गिऱ्हाइकाला आपलं कपाळ दोन ठिकाणी दिसे. लाकडी खुर्चीचा एक पाय आखूड, त्याखाली घडी केलेला पुठ्ठा. पण त्या खुर्चीत बसलं की माणसाची जीभ सैल सुटे. गावातले सगळे शिकारी तिथेच दाढी करत आणि गालावर साबणाचा फेस आला की कालची हकिगत सांगायला लागत. हरणासाठी तार गुडघ्याच्या किती वर, डुकरासाठी किती खाली, पाणवठ्याची कुठली वाट, सगळं. सोळा वर्षं ऐकून ऐकून सलूनवाल्याला ते पाठ झालं होतं. स्वतः तो फाटकाच्या आत कधी गेला नव्हता. त्याला वाळक्या पानांच्या आवाजाची भीती वाटायची.

मॅडमनी विचारलं, “इथे शिकार होते कशी हो?” आणि बोलघेवड्या सलूनवाल्याने हकिगतीची टाकी सोडून दिली. मॅडम वही काढून लिहू लागल्या.

“तुम्हाला इतकं बारीकसारीक कसं माहीत?” त्यांनी विचारलं.

सलूनवाल्याची कात्री हवेतच थांबली. गिऱ्हाइकं सांगतात, असं म्हणायला गेलं तर पुढचा प्रश्न येणार, कोणती गिऱ्हाइकं? खुर्चीत ऐकलेलं खुर्चीतच राहतं, हा त्याच्या बापाने वस्तऱ्याबरोबर हातात दिलेला नियम. शिवाय त्याच बाकावर, मॅडमच्या शेजारी, टोपी मांडीवर घेऊन अध्यक्ष आपल्या पाळीची वाट बघत बसले होते. सलूनवाल्याने नुसतं खाली बघितलं.

मॅडमचे डोळे भरून आले. “कबूल करायला धाडस लागतं,” त्या म्हणाल्या आणि पहिली ओळ भरली.

त्या दिवशी त्याने तोंड उघडायला हवं होतं, यात शंका नाही. पण मॅडमनी लगोलग सांगितलं की माजी शिकाऱ्याला नव्या धंद्याचं सगळं सामान मिळतं. मधमाश्यांच्या पेट्या, शिलाई मशीन किंवा केशकर्तनाचा संच, यातलं तुम्हाला काय जमेल? सलूनवाल्याने एकदा पुठ्ठ्यावर उभ्या खुर्चीकडे पाहिलं. “केस कापायला जमेल असं वाटतं,” तो म्हणाला.

“महिन्याला किती जनावरं मारायचात?”

“अं… एखादं. वर्षं म्हणाल तर सोळा.”

मॅडमनी त्याला सोळा वर्षांनी गुणलं, पावसाचे पाच महिने वगळले, आणि उत्तर एकशे बारा आलं.

मग त्याला शहरात नेऊन तीन दिवस केस कापायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शिकवणाऱ्याने आपला वस्तरा त्याच्याकडून पाजवून घेतला. तिसऱ्या दिवशी ‘मूलभूत केशकर्तन’ असं सर्टिफिकेट मिळालं. गावी परतला तो लाल रंगाची, पायाने दाबली की वर जाणारी खुर्ची आणि अख्खा आरसा घेऊन. बायकोने सर्टिफिकेट उलटसुलट बघितलं. “म्हणजे लग्नात मला फसवलंत,” ती म्हणाली. “न्यायला आलात तेव्हा काही येतच नव्हतं तुम्हाला.”

पुढची सहा वर्षं मजेत गेली. प्रकल्प बघायला पाहुणे येत, आणि पाहुण्यांना माजी शिकारी बघायचा असे. बाकीच्या नऊ ओळी मॅडमनी कशाबशा भरल्या होत्या, पण बोलता येणारा हा एकटाच. वनखात्याच्या ऑफिसमागच्या अंगणात तो तार घेऊन उकिडवा बसे, दोन खुंट्यांमध्ये फास लावून दाखवी, मग एक सुस्कारा सोडून तो फास स्वतःच्या हाताने मोडी. पाहुणे फोटो काढत. एका वयस्कर बाईंनी त्याचे दोन्ही हात हातात घेऊन, या हातांना आता शांती लाभली, असं म्हटलं. सलूनवाल्यालाही गहिवरून आलं. खरं सांगायचं तर त्याला चटकच लागली होती. हकिगतीला तिखटमीठ लावता लावता तो एका डुकराच्या मागे तीन दिवस उपाशी धावला होता. अध्यक्ष दरवेळी टोपी घालून मागे उभे असत. सलूनवाल्याने तारेला हात घातला की दाढ दुखत असावी तसा त्यांचा चेहरा होई. तोंडातून मात्र एक शब्द निघत नसे.

सलूनवाल्याची मुलगी या काळात शाळेतून कॉलेजात गेली. तिला वनरक्षक व्हायचं होतं. हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते याच अंगणात. बापाचं नाटक बघायला म्हणून यायची आणि शिपायांच्या खाकी कपड्यांकडे बघत बसायची. रोज पहाटे ती जंगलाच्या रस्त्याने धावायला जाई, फाटकाशी बापाच्या फोटोला हात लावून परत येई. परीक्षा झाली. लेखीत पास, धावण्यात पहिली, यादीत तिसरी. बापाने त्या दिवशी सगळ्या गिऱ्हाइकांच्या दाढ्या फुकट केल्या.

मग पडताळणी आली. उमेदवाराच्या आईवडिलांपैकी कुणीही वन्यजीवांच्या गुन्ह्यात सामील नसावं, असा नियम होता. ऑफिसातल्या कारकुनाने तिचा फॉर्म वाचला, चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, “तुझे वडील म्हणजे ते फाटकावरचे ना?”

ती घरी आली, पायातले बूट काढले आणि ते बूट हातात घेऊनच बसून राहिली. सलूनवाला पुढे होऊन काही बोलणार, तोच ती म्हणाली, “बाबा, तुम्ही एक तरी खरंच मारलं असतंत तर मला इतका राग आला नसता.”

एवढं बोलून ती आत गेली.  सहा वर्षांत पहिल्यांदाच सलूनवाल्याला स्वतःची किळस वाटली.

तो मॅडमकडे गेला, नाक मुठीत धरून सगळं खरं सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकलं आणि दार लावून घेतलं.

“असं कसं म्हणता? तुम्ही एकशे बारा मारली नसतील, तर आपण वाचवली कोणती?”

“ते मला कसं माहीत, मॅडम?”

“अहवाल छापून गेलाय. फार तर मी तुम्हाला पूर्ण सुधारल्याचा दाखला देते. अगदी चांगल्या कागदावर.”

“सुधारायला आधी बिघडावं लागतं ना, मॅडम,” सलूनवाला रडकुंडीला येऊन म्हणाला. “मी बिघडलोच नव्हतो.”

शेवटी ‘मी शिकार केलीच नाही’ असा सलूनवाल्याचा अर्ज वनखात्याच्या साहेबांकडे गेला आणि चौकशी लागली. साहेब बदलून आलेले, नवे. त्यांच्या टेबलावर काचेखाली प्रकल्पाचं कॅलेंडर होतं आणि कॅलेंडरवर सलूनवाला होता. टेबलाच्या एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला समितीचे अध्यक्ष, दारापाशी मुलगी, मधे बाप.

“शिकार केली नाहीत म्हणता,” साहेब म्हणाले. “मग एवढी माहिती कुठून आली?”

सलूनवाल्याने मुलीकडे बघितलं. एक नाव घेतलं की सुटका होती. ते नाव दोन हातांच्या अंतरावर टोपी घालून बसलं होतं. त्याच्या जिभेवर आलं, पुढच्या दातांपर्यंत आलं, आणि तिथेच त्याला बापाचा वस्तरा आठवला.

“ते सांगता यायचं नाही, साहेब,” तो म्हणाला.

मुलीने डोळे मिटून घेतले.

साहेबांनी खण उघडला, जप्त केलेली एक तार काढून त्याच्यापुढे टाकली. “फास लावून दाखवा. मला दिसेल शिकाऱ्याचा हात आहे की नाही.”

आता हा माणूस घाबरलेला. मुद्दाम चुकवावं हे त्याला सुचलंही नाही. सहा वर्षं करत आला तसंच त्याने केलं. टेबलाच्या दोन पायांना तार ओढली, पीळ दिला, गाठ मारली, सवयीने सुस्कारासुद्धा सोडला. खोलीत सगळे वाकून बघत होते.

“बघा,” मॅडम हळूच म्हणाल्या. “किती सफाई आहे. असा हात उगाच बसत नाही.”

“हं,” साहेब म्हणाले. “खानदानी दिसतोय.” आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं. 

“खानदानी?”

हा आवाज अध्यक्षांचा होता. सहा वर्षांत चारचौघांत इतक्या मोठ्याने ते पहिल्यांदाच बोलले. “हा फास आहे? याच्यात ससा तरी अडकेल का? सहा वर्षं बघतोय मी हा पोरखेळ! गाठ उलटी, पीळ उलटा, जनावर नुसतं शिंकलं तरी तार निसटेल. अरे, तार अशी धरतात होय?” आणि ते खुर्चीवरून उठले, खाली बसले, तार उपसून हातात घेतली, दोन बोटांनी काहीतरी केलं आणि सोडलं. ते काय केलं हे कुणाला दिसलंही नाही. साहेबांचं पेन या गडबडीत टेबलाखाली पडलं होतं. अध्यक्षांनी तेच उचलून फासात सरकवलं. खट्कन आवाज झाला आणि पेन तारेत लटकलं.

 लटकणाऱ्या पेनाकडे बघता बघता अध्यक्षांच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

साहेब खिडकीतून बाहेर बघू लागले. मॅडमनी पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. समितीचा अध्यक्षच तसा निघाला, तर समितीची नेमणूक कुणी केली, मंजुरी कुणी दिली, सहा वर्षं सही कुणाची चालली, असे बरेच प्रश्न निघाले असते. साहेबांनी खाकरून दुसरं पेन घेतलं आणि लिहिलं, ‘अर्जदाराला फास लावता येत नाही, हे प्रात्यक्षिकात सिद्ध झाले. समितीच्या अध्यक्षांनी चौकशीस मोलाचे सहकार्य केले.’ खाली सही, शिक्का.

मुलीला नोकरी लागली. फाटकावरचा फोटो उतरवला. मजकूर तसाच राहिला, वर नुसती रिकामी चौकट.

त्या दिवशी ऑफिसात सगळे पेनाकडे बघत होते, तेव्हा एकटी मुलगी अध्यक्षांनी मारलेल्या गाठीकडे बघत होती.

महिना झाला असेल. दुपारची वेळ होती. अध्यक्ष लाल खुर्चीत मान मागे टाकून बसले होते, गालभर फेस, आणि सलूनवाला वस्तरा पट्ट्यावर घासत होता. मुलगी खाकी कपड्यांत आत आली. तिने खिशातून रुमाल काढला आणि आरशाखालच्या फळीवर, कंगव्यांच्या शेजारी उघडला. आत तार होती.

“पाणवठ्यापाशी मिळाली, काका,” ती म्हणाली. “गाठ ओळखली मी.”

अध्यक्ष आरशातून तारेकडे बघत राहिले.  सलूनवाल्याचा वस्तरा पट्ट्यावरच थांबला.

“तुझ्या बापाला ही खुर्ची मिळाली, पोरी,” ते म्हणाले. फेसातून त्यांचे फक्त ओठ हलत होते. “चांगलं झालं. मला टोपी मिळाली. ती चुलीवर ठेवून काय शिजणार? मला पेट्या हव्या होत्या मधमाश्यांच्या. पण त्यासाठी हात वर करायचा होता, आणि मागे बंदुका.”

सलूनवाल्याला त्या क्षणी खुर्चीकडे बघवेना. सहा वर्षं आपण ज्या खुर्चीवर मिशीला पीळ देत होतो, ती मुळात या माणसासाठी आली होती, हे त्याच्या पहिल्यांदा नीट डोक्यात शिरलं. त्याला शरम वाटली, आणि ती लपवायला त्याने उगाच पाण्याचा फवारा मारला.

“मला हे लिहावं लागेल,” मुलगी म्हणाली.  “उद्या सकाळी तुम्हीच ऑफिसात या, काका. आपल्या पायांनी आलात तर समज देऊन नाव ‘माजी’मध्ये घालतात. मला तुम्हाला आणायला यायला लावू नका.”

अध्यक्ष गेले. आपल्या पायांनी गेले, टोपी टेबलावर ठेवली. ऑफिसात थोडी धावपळ झाली, पण मॅडमना खरं तर हायसं वाटलं, कारण चौकट रिकामी होती. आठ दिवसांत तिथे अध्यक्षांचा फोटो लागला. मजकूर बदलायची गरज पडली नाही. किती मारली, हे त्यांना कुणी विचारलं नाही. आकडा होताच.

राहिला नव्या धंद्याचा प्रश्न. मधमाश्यांच्या पेट्या संपल्या होत्या आणि शिलाई मशिनीही. गोदामात एकच संच शिल्लक होता. तीन दिवसांचं शिक्षण यावेळी गावातच झालं, शिकवायला प्रकल्पाने सर्टिफिकेटवाला अनुभवी माणूस नेमला, आणि सलूनवाल्याने स्वतःच्या हाताने स्वतःचा प्रतिस्पर्धी तयार केला. समोरच्या बाजूला नवं सलून उघडलं. तशीच लाल खुर्ची, तसाच आरसा. दोन सलून चालावीत इतकी डोकी गावात नव्हती, पण तो प्रश्न फॉर्मवर नव्हता.

पहिल्या दिवशी तिथे कुणी फिरकलं नाही. त्या हातांखाली मान द्यायची म्हटल्यावर गावाची पाचावर धारण बसली. अध्यक्ष दुपारपर्यंत कोऱ्या खुर्चीशेजारी उभे होते. शेवटी सलूनवाल्यालाच बघवेना. त्याने आपलं दार ओढून घेतलं, रस्ता ओलांडला, जाऊन खुर्चीत बसला आणि मान वर केली.

अध्यक्षांनी फेस लावला. वस्तरा उघडला. तारेवर कधी न चळलेला तो हात थरथरत होता.

“जिवंत मानेची सवय नाही रे मला,” ते म्हणाले.

“होईल,” सलूनवाला म्हणाला. मग डोळे मिटूनच त्याने हळूच विचारलं, “खरी किती?”

अध्यक्ष वाकले आणि त्याच्या कानात आकडा सांगितला. सलूनवाला दचकला आणि हनुवटीवर रक्ताचा ठिपका उठला. अध्यक्षांनी तुरटीचा खडा घेतला, शिकवलं होतं तसा पाण्यात बुडवला आणि हलक्या हाताने फिरवला.

घरी बायकोने विचारलं, मुलीने तर दोनदा विचारलं. सलूनवाल्याने तो आकडा कुणाला सांगितला नाही. फाटकावर अजून एकशे बाराच आहेत.